वेलांटी कुणाच्या डोक्यावर

११ ऑगस्ट, सोमवार

सेटिंग्जमध्ये 'मराठी' हा पर्याय आज पहिल्यांदा चालू केला. खेळातला खानावळीचा फळा उघडला. मिसळीची वेलांटी 'म'ला सोडून 'स'ला चिकटली आहे. श्रीखंडातल्या 'श'चा पाय मोडलेला, 'र' शेजारी सुटा उभा. पुऱ्या वाचताच येत नाहीत.

घरी निघेपर्यंत कुणाला दाखवलं नाही.

१२ ऑगस्ट

संगणक अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवतो. 'मि' म्हणजे आधी म, मग ऱ्हस्व इकार. डोळ्याला इकार आधी दिसायला हवा. 'कुर्डई'तला र बोलताना ड च्या आधी, लिहिताना ड च्या डोक्यावर. आमच्या खेळात मजकूर रंगवायचं काम टेक्स्टमेशप्रो करतं. ते एकेक चिन्ह डावीकडून उजवीकडे मांडत जातं. इंग्रजीला तेवढं पुरतं. देवनागरीत त्याआधी जुळवाजुळव लागते.

हिंदी नीट दिसते म्हणून सगळे निर्धास्त होते. हिंदीसाठी पूर्वी एक तयार साधन विकत घेतलंय. ते चिन्हांची अदलाबदल करतं आणि जोडाक्षरं एका खास फॉन्टातल्या राखीव जागांवरून उचलतं. मराठी त्यातून घालून पाहिली. वेलांटी जागेवर आली. मिसळीतला ळ गेला, तिथे चौकोन. पोळीत चौकोन, डाळीत चौकोन. त्या फॉन्टात ळ नाही. 'ऱ्या'सुद्धा नाही.

मराठी खानावळीच्या खेळात ळ नाही.

१४ ऑगस्ट

दिवाळी अपडेटची मीटिंग. फराळाचे पदार्थ, कंदील, नवं अंगण. भाषांचा मुद्दा शेवटी आला. प्रोड्यूसर म्हणाले, "मराठी लोक हिंदी वाचतातच ना? आत्ता हिंदी जाऊ दे. मराठी पुढच्या वर्षी बघू."

खोलीत निम्मे मराठी होतो. कुणी काही बोललं नाही. मग मी बोलले. म्हटलं, खेळ नारायण पेठेतल्या खानावळीचा आहे, तिच्या भिंतीवरचा फळा हिंदीत कसा? वाचता येणं वेगळं, आपलं म्हणून वाचणं वेगळं. आवाज थोडा चढला असावा.

लीड शांतपणे म्हणाला, "महिनाअखेरीस दाखव. नाही जमलं तर हिंदी."

१५ ऑगस्ट

सुट्टी. दिवसभर पाऊस. अक्षरं जुळवून देणाऱ्या हार्फबझचा सोर्स उतरवून घेतला.

१८ ऑगस्ट

हार्फबझ हे आपलं कुणाला माहीत नसलेलं, पण रोजच्या वापरातलं. अँड्रॉइडवर आईचा मराठी मेसेज नीट दिसतो तो त्याच्यामुळे. क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, लिब्रेऑफिसमध्ये तेच. त्याला मजकूर आणि फॉन्ट द्यायचा. कुठला आकार, कुठल्या क्रमानं, किती पुढे-मागे, वर-खाली, एवढं ते सांगतं. रंगवायचं आपण.

युनिटी ६ मधल्या नव्या मजकूर-यंत्रणेत ते आतच आहे. आमचा खेळ जुन्या आवृत्तीवर. दिवाळीच्या तोंडावर इंजिन बदलायला लीड तयार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणजे हार्फबझ बाहेरून जोडायचं. अँड्रॉइडसाठी वेगळं बांधायचं, आयफोनसाठी वेगळं.

२० ऑगस्ट

खडकवासल्यातून पाणी सोडलंय. निम्मं ऑफिस घरून काम करतंय. मी मेट्रोनं आले. शांततेत दुसरं साचलेलं काम काढलं.

स्वस्त फोनवर ऑर्डरची चिठ्ठी सरकत आत येते तेव्हा चित्र अडखळतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या तर एकीला १६.६ मिलिसेकंद मिळतात. त्यातले २ लीडनं यूआयला दिलेत. प्रोफाइलर ९ दाखवतोय. चिठ्ठी हलते तेवढा वेळ दर फ्रेमला तो अख्खा कॅनव्हास नव्यानं बांधला जातो. फळा, नाणी, भिंतीवरचं कॅलेंडर, न हललेलं सगळं. चिठ्ठ्या आणि त्यांचं घड्याळ वेगळ्या कॅनव्हासवर काढलं. २.३. ज्या चित्रांवर बोट कधी पडायचंच नाही त्यांची स्पर्श-तपासणी बंद केली. १.९.

चिठ्ठी आता तुपासारखी सरकते. पाच-सहा वेळा नुसतीच बघत बसले.

२१ ऑगस्ट

ऑनलाइन गेमिंगचं विधेयक काल लोकसभेत, आज राज्यसभेत मंजूर. पैसे लावून खेळायचे खेळ बंद. आम्ही त्यात नाही. खालच्या मजल्यावरची कंपनी रमीची. दुपारी लिफ्टमध्ये तिथले चौघे होते, चौघेही फोनमध्ये बघत होते.

२५ ऑगस्ट

टपरीवर खालच्या रमीच्या कंपनीतली एक जण भेटली. तीही यूआयचीच. इतके दिवस फक्त मान हलवायचो. आज चहा संपला तरी उभ्या होतो.

तिनं सांगितलं, 'पैसे भरा' हे हिरवं बटण अंगठ्याखाली. 'पैसे काढा' तीन स्क्रीन आत, करड्या रंगात. "मला कुणी कधी 'लपव' असं म्हणालं नाही गं. दर आठवड्याला फक्त जरा हलवायला सांगायचे." मग म्हणाली, "तुमच्याकडे जागा आहे का?"

सीव्ही घेतला. लीडला पाठवला.

तिचं 'जरा हलवायला' डोक्यातून जात नाही.

२७ ऑगस्ट, गणेशचतुर्थी

घरी. सकाळी आरती, मग मोदक. जेवणं झाल्यावर मोठे काका माझ्या लॅपटॉपशी येऊन बसले. काका आयुष्यभर छापखान्यात जुळारी होते. बुधवार पेठेत. ऑफसेट आल्यावर छापखाना गेला.

स्क्रीनवर 'गुळाची पोळी' होती. ळ आता आहे. काका चष्मा कपाळावर ढकलून जवळ गेले. "उकार कापलाय."

खरंच. 'गु'चा उकार खालच्या ओळीच्या पट्टीखाली गेलेला.

मग ते खिळ्यांबद्दल बोलत राहिले. त्यांच्याकडे डिग्री टाइप होता. अक्षराचं अंग मधल्या थरात, वरच्या मात्रा वेगळ्या, खालचे उकार वेगळे. एक ओळ म्हणजे तीन मजले. अखंड टाइपात अक्षर मात्रेसकट ओतलेलं असायचं, जुळणी सोपी, पण खिळ्यांचे कप्पे भिंतभर. "तुमच्यात कुठलं?" मी थांबले. आमच्यात दोन्ही आहे. काही जोडाक्षरं फॉन्टात अखंड येतात, मात्रा वर-खाली मोजून लावाव्या लागतात. ते त्यांना पटलं. मग ओळीची उंची त्यांनीच सांगितली. इंग्रजीसाठी जेवढी सोडलीस त्याच्या सव्वापट तरी सोड.

"हे इथं पुण्यात बनवता?"

म्हटलं, हो. २०२० मध्ये आलेला 'राजी' नावाचा खेळ पुण्यातलाच. काकांनी नाव दोनदा विचारून घेतलं.

सव्वापट बरोबर निघाली.

२९ ऑगस्ट

दाखवलं. संगणकावर, अजून फोनवर नाही. मिसळ, श्रीखंड, कुर्डई, थालीपीठ, हिरव्या मिरच्यांचा ठेचा. शेवटी पुऱ्या. 'ऱ्या'चा तो नाजूक चंद्रकोरीसारखा र य ला जाऊन लागला, तेव्हा आमच्या क्यूएमधला साताऱ्याचा मुलगा खुर्चीतून उठून पडद्याजवळ आला.

एक खटकत होतं. ल आणि श हिंदी वळणाचे. दंडाचा ल, गाठीचा श. फॉन्टात मराठी आकारही असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे हार्फबझला सांगावं लागतं. एक ओळ. भाषा 'एमआर'. पुन्हा चालवलं. 'शंकरपाळे'चा श बदलला, 'चकल्या'तला ल बदलला.

प्रोड्यूसर बराच वेळ बघत होते. "मला फरक दिसतोय," म्हणाले. ते मूळचे इंदूरचे. "फोनवर दाखव, मग ठरवू."

३० ऑगस्ट

माळ्यावरून जुना डेस्कटॉप काढला, बाबांचा. विंडोज २०००. चालू झाला. त्यात मंगल फॉन्ट. र. कृ. जोशींनी काढलेला. पवईला आयआयटीत शिकवायचे, सुलेखनकार, कवी. २००८ मध्ये गेले. खेडोपाडी कितीतरी मराठी अर्ज त्यांच्याच अक्षरांत टाइप झाले असतील.

त्या छोट्या जाड पडद्यावर 'पुऱ्या' टाइप करून पाहिलं.

३ सप्टेंबर

अँड्रॉइड बिल्ड उघडताच बंद पडतं.

४ सप्टेंबर

तेच.

५ सप्टेंबर

सापडलं. चाचणीचा नवा फोन १६ केबी पेज साइजवर होता, आमचं हार्फबझ जुन्या ४ केबीच्या हिशेबानं बांधलेलं. अँड्रॉइड १५ साठीच्या अपडेट्सना गूगलनं १ नोव्हेंबरपासून हे सक्तीचं केलंय. आम्ही त्याआधी जातोय, पण लीड म्हणाला आत्ताच कर. केलं. सगळ्या फोनांवर उघडतंय. सगळ्यात स्वस्त फोनवरही पोळीत ळ आहे.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

मेट्रो रात्रभर चालू. डेक्कनला उतरले, घरी पहाटे. कानात अजून ताशा.

९ सप्टेंबर

नारायण पेठेतल्या खानावळीत गेलो, मी आणि डिझायनर. एमपीएससीची मुलं जेवतात तिथली. खेळातली अर्धी खानावळ त्यानं तिथे बसून काढलीय, त्यामुळे काकू त्याला ओळखतात. दुपारची गर्दी ओसरल्यावर फोन त्यांच्या हातात दिला. आम्ही काही सांगायचं नाही, फक्त बघायचं.

पहिली गोष्ट. काकूंनी फोन हातभर लांब धरला. चष्मा फडताळात होता, तो आणायला उठल्या नाहीत. ऑर्डरच्या चिठ्ठीवरचं नाव वाचता आलं नाही. पदार्थाच्या चित्रावरून चालवून घेतलं. पिठलं आणि आमटी दोन्ही पिवळी, तिथे चुकल्या. "लिहायचं तर दिसेल असं लिहावं," म्हणाल्या.

दुसरी. त्यांचा हात कणकेचा. बोटाच्या टोकानं न दाबता अंगठ्याच्या बाजूनं दाबत होत्या. दोन बटणांमध्ये जागा कमी होती, दोन्ही लागायची. अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची, अ‍ॅपलची ४४ पॉइंटांची. आमची बटणं तेवढी आहेत. मधली जागा कुणी मोजली नव्हती.

तिसरी. 'पुढे' हे बटण दुसऱ्या वेळेपासून त्यांनी वाचलंच नाही. उजवीकडे खाली, तिथे अंगठा जातो. नजर वर चिठ्ठीवर, अंगठा आपोआप तिथे. त्या जागेवर त्यांचा विश्वास बसला होता.

मग खानावळीला नाव द्यायचा पडदा. काकूंनी 'अन्नपूर्णा भोजनालय' टाइप करायला घेतलं. 'अन्नपूर्णा भ' वर अडलं. पुढे काही उमटेना. "संपली का जागा?"

जागा १२ अक्षरांची आहे. संगणक पाय मोडणं, उकार, काना सगळं वेगवेगळं मोजतो. त्याच्या हिशेबी 'अन्नपूर्णा'चीच १० होतात, नंतरची मोकळी जागा ११, भ १२. डोळ्याला दिसतात ती अ, न्न, पू, र्णा. चार. पूर्ण नाव डोळ्याच्या हिशेबानं मोकळ्या जागेसकट १० मध्ये बसतं.

इंग्रजी नाव देणाऱ्याला पाटीभर जागा, मराठी नाव देणाऱ्याला अर्धी. हे काकूंना तिथे बसून कसं सांगायचं. डिझायनर म्हणाला, "काकू, पुढच्या वेळी पूर्ण बसेल." त्यांनी फोन परत दिला आणि आम्हाला ताक दिलं.

१० सप्टेंबर

नावाची मोजणी आता अक्षरांच्या गटानं. युनिकोडमध्ये त्याचे नियम आहेत, पण जोडाक्षराचे तुकडे जुन्या आवृत्तीत वेगळे पडतात, म्हणून आपलं वेगळं लिहिलं. 'अन्नपूर्णा भोजनालय' बसलं. 'ज्ञानेश्वरी' बसलं. क्यूएच्या मुलाला सांगितलं, सुचेल ते टाइप कर. संध्याकाळपर्यंत त्यानं 'क्ष्म्य' वगैरे कुणी कधी लिहिणार नाही अशी अक्षरं टाकून दोनदा पाडलं.

चिठ्ठीवरची अक्षरं मोठी केली. सेटिंग्जमध्ये अजून मोठी करायची सोय. 'द लास्ट ऑफ अस २'मध्ये २०२० साली अशा ६० हून जास्त सोयी दिल्या होत्या. आम्हाला चार-पाच जमल्या तरी पुष्कळ.

१२ सप्टेंबर

घड्याळाचे आकडे थरथरतात. देवनागरीत १ अरुंद, ४ रुंद. दर सेकंदाला आकडा बदलला की अख्खी संख्या डावी-उजवी सरकते. प्रत्येक आकड्याला सारखी रुंदी दिली. थांबलं. डोळ्याच्या कोपऱ्यात हलणारी गोष्ट माणसाला घाबरवते. स्वयंपाकाच्या खेळात घाई हवी, धास्ती नको.

१६ सप्टेंबर

नवीन मागणी. दिवस संपल्यावरच्या पडद्यावर 'जाहिरात पाहा, नाणी दुप्पट' हे बटण. पहिले दोन सेकंद ते 'पुढे'च्या जागी असेल, मग 'पुढे' येईल. जाहिरातीवरची बंद करायची फुली २० डीपी.

काकूंचा अंगठा आठवला.

१७ सप्टेंबर

झोप नीट नाही. जाहिरातीच्या पैशांतून पगार होतात हे मला कळतं. जाहिरातीला नाही म्हणायचं नाहीये.

१८ सप्टेंबर

प्रोड्यूसरशी बोलले. काकूंचा चाचणीचा व्हिडिओ लावला. नजर वर, अंगठा खाली. म्हटलं, ही बाई जाहिरात बघायचं ठरवत नाहीये. तिच्या अंगठ्याला सवय आपण लावली, आता त्या सवयीखाली दुसरं काहीतरी सरकवतोय. ज्याला खरंच दुप्पट नाणी हवीत तो शेजारचं बटण शोधून दाबेल.

३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनाही पुढे ठेवल्या. डार्क पॅटर्नचे १३ प्रकार त्यात दिलेत, दिशाभूल करणारी मांडणी त्यातलीच. त्यांनी त्या वाचल्या. मग व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"आकडे पडले तर?"

"पडतील थोडे."

उत्तर दिलं नाही. उद्या सांगतो म्हणाले.

१९ सप्टेंबर

'पुढे' जागेवर राहणार. जाहिरातीचं बटण त्याच्या वर, वेगळ्या रंगात, मध्ये मोकळी जागा. फुली ४८. पण फुली ५ सेकंदांनंतरच दिसेल, त्यावर ते हटले नाहीत.

ते ५ सेकंद मला आवडलेले नाहीत. लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या अपडेटच्या वेळी पुन्हा काढता येईल.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

ठरलं. मराठी दिवाळीला जाते.

आईला फोन केला. तिनं विचारलं, "म्हणजे आधी जाणार नव्हती?"

२४ सप्टेंबर

हार्फबझला दर फ्रेमला तेच तेच शब्द विचारत होतो. 'पोळी' एकदा विचारली की उत्तर जपून ठेवायचं. चिठ्ठ्यांवर तेच तीस-चाळीस पदार्थ फिरतात. खर्च जवळजवळ शून्यावर. आकारांचा पट मात्र मोठा झालाय. इंग्रजीला शंभरेक आकार, आपल्याला जोडाक्षरांसकट कित्येक शे. खेळणाऱ्यानं टाइप केलेल्या नावासाठी लागेल तसे नवे आकार भरतो, नाहीतर फोनच्या मेमरीवर ताण.

२६ सप्टेंबर

खालच्या मजल्यावरच्या तिला बंगळुरूला नोकरी लागली. आमच्याकडे जागा निघाली नाही. टपरीवर निरोप घेतला. तिकडे मुलांच्या गणिताच्या अ‍ॅपवर काम आहे. म्हणाली, "बटणं मोठी असतात त्यांची."

खालचा मजला भाड्यानं देणे आहे अशी पाटी.

२ ऑक्टोबर, दसरा

चाचणीचे सगळे फोन टेबलावर ओळीनं मांडले. प्रत्येकाला कुंकू, वर झेंडूचं फूल. तडा गेलेल्या जुन्या फोनला लीडनं स्वतः लावलं. बहुतेक बग त्याच फोननं शोधून दिले.

६ ऑक्टोबर

फराळाचा फळा अरुंद. लांब नाव मावत नाही तिथे तीन टिंबं येतात. 'खुसखुशीत करंज्या' कापलं गेलं आणि 'खुसखुशीत करंज्…' झालं. ज चा पाय मोडून मधेच. टिंबं आता अक्षराच्या कडेलाच येतील, आत नाहीत.

मग डिझायनरला म्हटलं, फळाच रुंद कर ना. सणाच्या दिवशी करंजीचं नाव तोडायचं कशाला. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर हलवलं आणि फळा रुंद केला.

८ ऑक्टोबर

साताऱ्याच्या मुलानं अख्खा खेळ मराठीत पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळला. एकच बग. 'अनारसे' एका ठिकाणी 'आनारसे' होतं. भाषांतराच्या तक्त्यात दुरुस्त केलं.

१० ऑक्टोबर

बिल्ड पाठवलं. रात्री साडेनऊ. कुणी लगेच घरी गेलं नाही, वडापाव मागवले.

१४ ऑक्टोबर

आलं. प्ले स्टोअरवर भाषांच्या यादीत मराठी.

१५ ऑक्टोबर

अभिप्राय वाचत होते. लातूरच्या एकानं लिहिलंय की ठेच्याची किंमत फार आहे. त्याखाली दुसऱ्यानं की वऱ्हाडी ठेच्यात शेंगदाणे घालायचे नसतात. मग सहा-सात जण शेंगदाण्यांवरून भांडतायत, सगळे मराठीत. लीडनं विचारलं काय चाललंय. भाषांतर करून सांगितलं. म्हणाला, "डिझायनरला दाखव. पर्याय ठेवू."

एक तक्रार खरी आहे. जाहिरातीची फुली उशिरा दिसते. प्रोड्यूसरना पाठवली, बाकी काही न लिहिता.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

काकूंकडे गेलो. चष्मा आज नाकावर होता. 'अन्नपूर्णा भोजनालय' पाटीवर पूर्ण उमटलं. त्यांनी ते स्वतःच बघितलं, मग आतल्या पोळ्या लाटणाऱ्या मावशींना हाक मारली. मावशींना आपल्या नावाची खानावळ हवी होती. त्यांचं नाव लिहिलं, पुढे 'यांचे जेवण' लिहिलं, तेही बसलं. मावशी म्हणाल्या, "याचा फोटो काढून दे मला."

काढून दिला.

२२ ऑक्टोबर, पाडवा

काकांकडे फराळ. त्यांना फोन दिला. खेळले नाहीत, फळाच वाचत बसले. अक्षरांच्या वरची जागा जरा जास्त झालीय म्हणाले. बहुतेक बरोबर आहे, मोजून बघते.

२७ ऑक्टोबर

जाहिरातीची फुली आता लगेच दिसते. प्रोड्यूसरनी स्वतः कामाच्या यादीत टाकलं होतं. माझ्याकडे चिठ्ठी आली तेव्हा कळलं.

लीड म्हणाला, पुढची बांगला. आमचा शेडरवाला कोलकात्याचा, इतके दिवस गप्प होता. आज फळ्यापाशी उठून गेला आणि काढून दाखवलं. 'को' लिहायचं तर ओकाराचा एक तुकडा क च्या डावीकडे येतो, दुसरा उजवीकडे. संगणकात तो एकच. हार्फबझ तोडून देईल, पण आमचा जपून ठेवायचा कोड एका चिन्हाचे दोन आकार धरत नाही, तो बदलावा लागणार. ओळीची उंचीही नव्यानं मोजायची.

त्याला म्हटलं, आईला फोन करून पदार्थांची नावं घे. जितकी अवघड जोडाक्षरं असतील तितकी चांगली. त्यानं तिथूनच फोन लावला. यादी लिहून घेतोय, अजून संपलेली नाही.